एलएफटी नॉर्मल, मुलगी खेळतेय; मग बलून कशाला?

डिचोली तालुक्यातल्या एका आईचं पत्र, थोडक्यात: मुलगी पावणेतीन वर्षांची. जन्मतः पित्तनलिका बंद (बिलियरी अट्रेसिया). दोन महिन्यांची असताना पित्ताला वाट करून देणारं ‘कसाई’ ऑपरेशन (हे जपानी सर्जनचं नाव) झालं, तरी कावीळ हटली नाही. दहा महिन्यांपूर्वी मुंबईत यकृत प्रत्यारोपण झालं. यकृताचा तुकडा आईनेच दिला. आता मुलगी जेवते, खेळते, एलएफटी (यकृताची रक्ततपासणी) नॉर्मल येते. पण नेहमीच्या डॉपलर सोनोग्राफीत (यात नसांमधला रक्तप्रवाह दिसतो) पोर्टल व्हेन, म्हणजे यकृतात रक्त आणणारी नस, नव्या यकृताच्या नसेशी शिवलेल्या जोडाच्या जागी अरुंद दिसली. चार महिन्यांत प्लीहा साडेआठवरून साडेदहा सेंटीमीटर झाली आणि प्लेटलेट १ लाख ८० हजारांवरून ९५ हजारांवर आल्या. मुंबईचे डॉक्टर तीन आठवड्यांच्या आत या, बलूनने नस रुंद करू म्हणतात. चवथ (गणेशचतुर्थी) पाच आठवड्यांवर आहे. सासूबाई विचारतात, धडधाकट पोरीला पुन्हा कशाला कापायचं? नवऱ्याचं म्हणणं, निदान चवथ तरी होऊ दे. आईचे प्रश्न असे: हे खरंच आता करायला हवं का? मध्ये दोन-तीनदा अ‍ॅस्पिरिन द्यायची राहिली, त्याने हे झालं का, की मी दिलेल्या यकृतातच काही कमी होतं? आणि पुढच्या तपासण्या गोव्यातच नाही का होणार?

ताई,

पत्रात तुम्ही एलएफटीबद्दल तीन वेळा लिहिलंय आणि प्लीहा-प्लेटलेटबद्दल एकदाच, तेही जाता जाता. माझ्या मते वजन उलटं द्यायला हवं. तुमच्या घरातला सगळा वाद एका समजुतीवर उभा आहे: एलएफटी चांगली, म्हणजे यकृत चांगलं, म्हणजे सगळं ठीक. यातली पहिली पायरी बरोबर आहे, दुसरी चुकते.

एलएफटीत एसजीओटी, एसजीपीटी, बिलिरुबिन, जीजीटी येतात. यकृताच्या पेशी मरताहेत का, पित्त अडलंय का, हे त्यावरून कळतं. यकृतात येणाऱ्या नसेतून रक्त मोकळं वाहतंय का, हे त्यांना विचारून उपयोग नाही. पोर्टल व्हेन म्हणजे आतडी आणि प्लीहेकडून यकृतात रक्त आणणारी मोठी नस. ती हळूहळू अरुंद झाली तर यकृत बराच काळ तग धरतं, कारण त्याला हिपॅटिक आर्टरीचं (यकृताच्या धमनीचं) रक्त मिळत असतं. त्रास होतो तो नसेच्या मागच्या बाजूला. कुळागरात (माड-पोफळींच्या बागेत) पाटाचं तोंड बुजलं की खालच्या माडांना पाणी थोडं कमी पडतं, पण वरच्या अंगाला तुंबून बांध फुटायची वेळ येते, तसंच हे आहे. रक्त तुंबतं, प्लीहा फुगते, फुगलेली प्लीहा प्लेटलेट अडकवून ठेवते, आणि काही महिन्यांनी अन्ननलिकेच्या आतल्या नसा फुगू लागतात. त्या फुटल्या तर मुलाला अचानक रक्ताची उलटी होते. काही मुलांत पोर्टल व्हेन आकसल्याचं घरच्यांना तेव्हाच पहिल्यांदा कळतं. आदल्या आठवड्यातली एलएफटी नॉर्मल असते आणि मूल अंगणात खेळत असतं.

तुमच्या मुलीचे आकडे म्हणूनच बोलके आहेत. पावणेतीन वर्षांच्या मुलाची प्लीहा साधारण नऊ सेंटीमीटरच्या आत असते. प्रत्यारोपणाआधी यकृत खराब असल्याने बहुतेक मुलांची प्लीहा मोठीच असते आणि नंतर ती सावकाश उतरते. म्हणून एकदा मोजलेल्या आकड्यापेक्षा ती कुठल्या दिशेला चाललीय ते पाहायचं. उतरायची ती वाढतेय, प्लेटलेट निम्म्यावर आल्यात आणि डॉपलरमध्ये जोड अरुंद दिसतोय. तिन्ही गोष्टी एकच सांगताहेत. नुसती नस किंचित अरुंद दिसली असती, प्लीहा आणि प्लेटलेट जागच्या जागी असत्या, तर चार-सहा आठवड्यांनी पुन्हा डॉपलर करून बघू असं अनेक केंद्रं म्हणतात, आणि तेव्हा सासूबाईंचं म्हणणं मला पटलं असतं. त्यांचा प्रश्न चुकीचा नाहीच. खेळत्या मुलाला भूल का द्यायची, हे कुणीतरी विचारायलाच हवं. फक्त इथे त्याचं उत्तर रिपोर्टात आहे.

एक शंका मात्र मुंबईला जाण्याआधी फेडून घ्या. दिवस पावसाचे आहेत, आणि डेंग्यूतही प्लेटलेट घसरतात. गेल्या दोन-तीन आठवड्यांत ताप येऊन गेला असेल तर डॉक्टरांना सांगा आणि सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) पुन्हा करा. काही औषधांनी आणि विषाणूंनीही प्लेटलेट उतरतात. पण त्याने जोड अरुंद होत नाही. त्यामुळे दुसऱ्या सीबीसीत आकडा थोडा वर आला, तरी डॉपलरचा प्रश्न उरतोच.

आता ‘कापाकापी’. घरात बलून आणि ऑपरेशन हे दोन शब्द एकच झालेत, ते आधी वेगळे करा. हे काम सर्जनचं नसून इंटरव्हेन्शनल रेडिऑलॉजिस्टचं आहे. जुनी जखम उघडत नाहीत. मुलीला पूर्ण भूल देऊन, सोनोग्राफीत बघत, बारीक सुई कातडीतून आणि यकृतातून पोर्टल व्हेनच्या फांदीत नेतात. त्यातून तार जाते, मग रंगद्रव्य सोडून एक्स-रेवर नसेचा नकाशा बघतात. अरुंद जागेच्या अलीकडचा आणि पलीकडचा दाब मोजतात. फरक साधारण ३ ते ५ मिलिमीटर पाऱ्याहून जास्त असेल, तर अडथळा खरा धरतात. मग त्याच तारेवरून बलून नेऊन जोडाच्या जागी थोडा वेळ फुगवतात, गरज पडली तर दोन-तीनदा, आणि दाब पुन्हा मोजतात. बाहेर येताना यकृतातली सुईची वाट बारीक कॉइलने किंवा जिलेटिनच्या तुकड्याने बुजवतात, म्हणजे तिथून रक्त येत नाही. सगळं सुरळीत झालं तर दोन-तीन दिवसांत घरी सोडतात.

धोके आहेत, ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. सुईच्या वाटेतून रक्तस्राव होऊ शकतो, नसेत गुठळी होऊ शकते, क्वचित नस फाटू शकते. आणि बऱ्याच मुलांत काही महिन्यांनी तीच जागा पुन्हा आकसते, मग बलून पुन्हा करावा लागतो. एकदा केलं की कायमचं मिटलं, असं समजून जाऊ नका, नाहीतर दुसऱ्या वेळी घर कोसळेल. बलूनने भागलं नाही तर स्टेंट, म्हणजे नस उघडी धरणारी जाळीची नळी. तीन वर्षांच्या मुलीत डॉक्टर स्टेंटची घाई करत नाहीत, कारण मूल वाढतं आणि स्टेंट वाढत नाही. घालावाच लागला तर पुढे बलूनने आणखी फुगवता येईल असा मोठ्या मापाचा निवडतात. त्यामुळे ‘बलून पुरला नाही तर त्याच वेळी स्टेंट घालणार का, कुठल्या मापाचा?’ हे संमतिपत्रावर सही करण्याआधी विचारा.

आणि थांबलो तर? अरुंद नस बलूनने उघडता येते, कारण तार आत सरकायला वाट असते. तीच नस गुठळी होऊन पूर्ण बंद झाली की तारेलाही वाट सापडत नाही, किंवा फार मुश्किलीने सापडते. मग उरतात मोठ्या शस्त्रक्रिया. मुलाच्याच गळ्यातल्या नसेचा तुकडा घेऊन आतड्यांकडचं रक्त यकृतातल्या डाव्या पोर्टल फांदीत वळवायचं (मेसो-रेक्स बायपास), तेही शरीररचना जुळली तर. म्हणजे सासूबाईंना ज्याची भीती वाटते ती कापाकापी थांबल्याने टळत नाही, तिची शक्यता वाढते. घरात बोलताना हे वाक्य उपयोगी पडेल.

चवथीचं म्हणाल तर, ‘तीन आठवडे’ आणि ‘पाच आठवडे’ यांतला फरक तुम्ही किंवा मी ठरवू शकत नाही, मुंबईची टीम ठरवू शकते. पण प्रश्न नेमका विचारावा लागेल. ‘थोडं उशिरा आलं तर चालेल का?’ असं विचारलं तर कुणीही ‘लवकर या’ एवढंच म्हणेल. त्यापेक्षा विचारा: जोडाच्या जागी रक्ताचा वेग अलीकडच्यापेक्षा किती पट आहे? (तिप्पट-चौपट किंवा जास्त असेल तर अरुंदपणा लक्षणीय मानतात.) व्यास किती मिलिमीटर उरलाय? नसेत गुठळी दिसते का? पोटात पाणी आहे का? या चार उत्तरांवरून घाई किती आहे ते तुम्हालाही कळेल. माझं स्पष्ट मत विचाराल तर चवथीच्या आधी जाऊन या. सगळं नीट झालं तर सणाला मुलगी घरी असेल. नंतर जायचं ठरवलं आणि चवथीच्या दिवसांत रक्ताची उलटी झाली, तर सगळं कुटुंब मूळ घरी, रस्ते भरलेले आणि मुंबईचं तिकीट मिळेना, अशी पाळी येईल.

आता ज्या प्रश्नाने तुम्हाला झोप येत नाही, तो. दोन-तीनदा अ‍ॅस्पिरिन राहिल्याने हे झालेलं नाही. अ‍ॅस्पिरिन गुठळी होऊ नये म्हणून देतात. तुमच्या मुलीत जोड आकसलाय, म्हणजे टाक्यांच्या कड्याजवळ व्रणाची ऊती जाड झालीय. अ‍ॅस्पिरिनचा तिथे संबंध नाही. तुमच्या यकृतातही काही कमी नव्हतं. बिलियरी अट्रेसियात मुलाची स्वतःचीच पोर्टल व्हेन वारंवारच्या सुजेने बारीक आणि जाड भिंतीची झालेली असते. कधी तिचा व्यास ४ मिलिमीटरही भरत नाही. मोठ्या माणसाच्या यकृताच्या तुकड्याची नस तिच्याहून रुंद. दोन वेगळ्या मापांचा जोड, त्यात तुकडा वाढत जातो, मूल वाढतं, नसेचा कोन बदलतो, आणि टाक्यांचं कडं त्या वेगाने वाढत नाही. म्हणून प्रौढांपेक्षा लहान मुलांत, आणि त्यातही दहा किलोखालच्या मुलांत, हा त्रास जास्त दिसतो. हे ठाऊक असतं म्हणूनच लक्षण नसताना डॉपलर करतात. तुमच्या मुलीचं निदान रक्ताच्या उलटीने न होता डॉपलरने झालं, हे तुम्ही तपासणी न चुकवल्यामुळे.

अ‍ॅस्पिरिनचा डोस बहुतेक केंद्रांत दर किलो वजनाला दिवसाला ३ ते ५ मिलिग्रॅमच्या आसपास असतो. मूल वाढतं तसा तो बदलावा लागतो, म्हणून दर भेटीत वजन सांगून विचारा. प्लेटलेट उतरल्या म्हणून मनाने बंद करू नका, आणि राहिलेला डोस भरून काढायला दुप्पटही देऊ नका. बलूनच्या आधी थांबवायची का, किती दिवस, नंतर कधी सुरू करायची, हे लेखी घ्या. टॅक्रोलिमसचंही (शरीराने नवं यकृत नाकारू नये म्हणूनचं औषध) तसंच: त्या दिवशी उपाशी ठेवताना सकाळचा डोस घोटभर पाण्याबरोबर द्यायचा की नंतर? हा प्रश्न ऐन वेळी वॉर्डात उभा राहतो आणि ड्युटीवरचा माणूस नवा असतो. भुलेसाठी साधारण सहा तास दूध-अन्न बंद आणि दोन तास आधीपर्यंत साधं पाणी चालतं. नेमकी वेळ भूलतज्ज्ञ सांगतील, पण पाणीही रात्रीपासूनच बंद करू नका. या मुलांना कोरडं पडू देणं बरं नाही. रक्त घट्ट झालं की गुठळीचा धोका वाढतो.

याच कारणासाठी जुलाब-उलट्यांना या मुलांत जास्त मान द्या. ओआरएसचं मोठं पाकीट बरोबर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात मिसळा, प्रत्येक जुलाबानंतर १०० ते २०० मिलिलिटर चमच्याने पाजा, आणि त्याच दिवशी केंद्राला फोन करा. जुलाबात टॅक्रोलिमस जास्त शोषलं जाऊन रक्तातली पातळी वाढते, मूत्रपिंडावर ताण येतो; त्यामुळे पातळी तपासावी लागते. तापाला पॅरासिटामॉल, वजनानुसार ठरवून दिलेल्या डोसात. आयब्युप्रोफेन नको, अ‍ॅस्पिरिन, कमी प्लेटलेट आणि टॅक्रोलिमस यांच्या जोडीला ते धोक्याचं आहे. कांजिण्या किंवा फ्लू झालेल्या मुलाशी संपर्क आला तर लगेच कळवा. कांजिण्यांचा प्रश्न आहेच, शिवाय अ‍ॅस्पिरिनवर असलेल्या मुलाला त्या आजारांत रे सिंड्रोमचा (यकृत आणि मेंदूला इजा करणारा दुर्मिळ आजार) धोका असतो.

गोव्यात काय करायचं आणि मुंबईत काय, हा तुमचा प्रश्न व्यवहाराचा आहे. सगळं इथे किंवा सगळं तिथे, असं निवडायची गरज नाही. सीबीसी, एलएफटी, क्रिएटिनिन इथे खुशाल करा. टॅक्रोलिमसची पातळीही इथे चालेल, पण दर वेळी एकच लॅब ठेवा, कारण पद्धत बदलली की आकडा बदलतो आणि डॉक्टर उगाच डोस हलवतात. रक्त सकाळच्या डोसाच्या आधी, आदल्या डोसाला बारा तास होताना द्यायचं.

डॉपलर इथे करायची असेल तर लहान मुलांच्या पोटाच्या डॉपलरचा सराव असलेला एकच रेडिऑलॉजिस्ट ठरवा आणि त्यांना मुंबईचा मागचा रिपोर्ट द्या. ‘पोर्टल व्हेन पेटंट’ एवढं लिहिलेला रिपोर्ट तुमच्या मुलीला पुरेसा नाही. नस उघडी आहे एवढंच त्यावरून कळतं, किती उघडी ते कळत नाही. जोडाच्या अलीकडे, जोडावर आणि पलीकडे रक्ताचा वेग, जोडाचा व्यास, हिपॅटिक आर्टरीचा रेझिस्टिव्ह इंडेक्स (०.५ ते ०.८ नेहमीचा), हिपॅटिक व्हेनमधला प्रवाह, प्लीहेची लांबी, पोटात पाणी आहे का, एवढं लिहून द्यायला सांगा, आणि चित्रं-व्हिडिओ पेन ड्राइव्हवर मागा. चार तास उपाशी ठेवून नेलं तर गॅस कमी असतो आणि नस नीट दिसते. रडणाऱ्या मुलाचे आकडे विश्वासाचे नसतात, म्हणून झोपेच्या वेळेची अपॉइंटमेंट घ्या. डॉपलरमध्ये बदल दिसला की पुढचं सीटी अँजिओ (नसांचं सीटी स्कॅन) आणि बलून मात्र प्रत्यारोपणाच्या केंद्रातच.

बांबोळीच्या गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) बालरोग विभागात आत्ताच एकदा फाइल घेऊन जा. रात्री दोन वाजता तिथे पहिल्यांदा सगळं सांगत बसण्यापेक्षा हे बरं. एका कागदावर प्रत्यारोपणाची तारीख, कुठला तुकडा, सध्याचं वजन, औषधं-डोस, पोर्टल व्हेन अरुंद असल्याची नोंद आणि मुंबईच्या समन्वयकाचा फोन लिहून तो औषधांच्या पिशवीत ठेवा. रक्ताची किंवा कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी, डांबरासारखी काळी चिकट शी, किंवा मूल एकदम पांढुरकं आणि मलूल पडलं, तर मुंबईला विचारत थांबू नका: १०८ बोलवा, बांबोळी गाठा, वाटेत मुंबईला फोन करा. लोहाच्या औषधाने शी काळपट होते, पण ती डांबरासारखी चकाकत नाही. शंका असेल तर दाखवाच. ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर, डोळे पिवळे, शी पांढरट, किंवा बेंबीपाशी मोजलेला पोटाचा घेर आठवड्यात वाढलेला दिसला, तर त्याच दिवशी फोन.

पैशांबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीत, पण ती काळजी मोठी असणार. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड चालू आहे का बघा आणि आरोग्य सेवा संचालनालयात, कांपाल, पणजी इथे, गोव्याबाहेरच्या उपचारासाठीच्या मेडिक्लेमबद्दल विचारा. मुंबईहून खर्चाचं अंदाजपत्रक आणि ‘हे का गरजेचं’ याचं पत्र आधी मागवून घ्या. मंजुरी उपचाराच्या आधी लागते, नंतर बिलं नेऊन भांडावं लागतं.

हे पत्र वाचणाऱ्या इतर पालकांसाठी दोन गोष्टी. ज्यांचं मूल पहिल्या महिन्यात आहे, त्यांच्यासाठी मोठा धोका हिपॅटिक आर्टरीत गुठळी होण्याचा. पित्तनलिकांना रक्त मुख्यतः त्याच धमनीतून मिळतं. ती बंद पडली की नलिका मरतात, पित्त गळतं, पू होतो. म्हणून सुरुवातीला रोज, काही ठिकाणी दिवसातून दोनदा डॉपलर करतात. एसजीओटी-एसजीपीटी एकदम चढले आणि डॉक्टर मध्यरात्री पुन्हा ऑपरेशनला नेतो म्हणाले, तर तासांचा हिशेब असतो. सही करायला गावाहून कुणी येईपर्यंत थांबू नका. हीच धमनी उशिरा बंद झाली तर ताप पुन्हा पुन्हा येणं, खाज, जीजीटी वाढणं अशी चाहूल लागते. दुसरी गोष्ट हिपॅटिक व्हेनची, म्हणजे यकृतातून रक्त बाहेर नेणाऱ्या नसेची. ती आकसली तर पोटात पाणी, पायांवर सूज आणि खाणं न वाढता वाढलेलं वजन दिसतं. यालाही बहुधा बलूनच लागतो, पण सुई बऱ्याचदा मानेतल्या नसेतून जाते.

सासूबाईंना घरी पटवत बसू नका, व्हिडिओ कॉलवर डॉक्टरांसमोर बसवा. दोन रिपोर्ट शेजारी ठेवून प्लीहेचे आकडे त्यांना स्वतः वाचू द्या, आणि त्यांचा प्रश्न त्यांनाच विचारू द्या. नातीसाठी एवढं बघितलेल्या बाईला ‘तुम्हाला कळत नाही’ असं कुणी म्हणू नये. त्यांना हेही सांगा की भारतात लहान मुलाचं पहिलं यशस्वी यकृत प्रत्यारोपण १९९८ मध्ये दिल्लीत झालं. मुलगा दोन वर्षांच्या आतला, आजार तुमच्या मुलीचाच, यकृत वडिलांनी दिलेलं. तो मुलगा पुढे डॉक्टर झाला. इतक्या लांबच्या पल्ल्यासाठी ही नस मोकळी ठेवायची आहे.

चवथीला मूळ घरी जालच, तेव्हा माटोळीला (गणपतीवर फळं टांगतात त्या चौकटीला) बांधलेलं पपनस तिच्या हाती लागू देऊ नका. पपनस आणि ग्रेपफ्रूट यांनी टॅक्रोलिमसची पातळी वाढते. खोकणाऱ्या-शिंकणाऱ्या पाहुण्यांपासून तिला लांब ठेवा, आणि पल्स पोलिओचे थेंब तिला कुणी परस्पर पाजणार नाही याकडेही लक्ष द्या. जिवंत लसी तिला टीमला विचारल्याशिवाय नकोत. बलूननंतर पहिली डॉपलर बहुधा दुसऱ्याच दिवशी मुंबईत होईल. त्यानंतरच्या तपासण्या कधी, त्यांतल्या कुठल्या गोव्यात चालतील आणि कुठल्या आकड्याला तुम्ही स्वतःहून फोन करायचा, हे डिस्चार्जच्या कागदावर लिहून घेतल्याशिवाय निघू नका.